सुया टोचल्या, बिल झालं... आता मेडिक्लेम देईल का?



आपण चॅनेलवर कर्जाबद्दल बोलतो, जीएसटीबद्दल बोलतो, गिऱ्हाईक कसं टिकवायचं त्याबद्दल बोलतो. पण एक प्रश्न विचारू? तुमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं मशीन कोणतं? कुणी म्हणेल शिलाई मशीन, कुणी म्हणेल ओव्हन, कुणी म्हणेल प्रिंटर. नाही. सगळ्यात महागडं मशीन म्हणजे तुमचं स्वतःचं शरीर. दिवसाला दहा तास शिवणाऱ्या ताईची कंबर, सलूनमध्ये सकाळपासून उभ्या असलेल्या दादाचे गुडघे, कॉम्प्युटरसमोर मान वाकवून डिझाइन करणाऱ्या मुलाची मान. मशीन बिघडलं तर मेकॅनिक येतो. कंबर बिघडली तर शटर खाली येतं आणि त्या दिवसाचा गल्ला शून्य.

म्हणून मग लोक उपाय शोधतात. गोळ्या, मलम, शेक, फिजिओ आणि हल्ली बरेच जण ॲक्युपंक्चर. आमच्या बॅचमध्ये हा विषय दोन बाजूंनी येतो. एका बाजूला दुखण्याने हैराण झालेले लोक. ते विचारतात, "सर, या सुयांचा खर्च मेडिक्लेममध्ये मिळतो का?" दुसऱ्या बाजूला ज्यांनी ॲक्युपंक्चर शिकलंय आणि स्वतःचं क्लिनिक काढायचंय ते. ते विचारतात, "सर, पेशंट विचारतात इन्शुरन्स चालतो का, त्यांना काय सांगू?"

प्रश्न एकच आहे, फक्त काउंटरच्या दोन बाजू आहेत. आज दोन्ही बाजूंचं बघू.

आधी थेट उत्तर, मग कारणं. क्लिनिकमध्ये गेलात, अर्धा तास सुया लावून घेतल्या, पैसे दिले आणि घरी आलात, तर भारतातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी हा खर्च देत नाही. काही वेगळ्या मार्गांनी मिळू शकतो, ते पुढे सांगतो. पण "सर्टिफिकेट आहे म्हणजे मिळणारच" या भरवशावर कुणी राहू नका.

क्लेमला तीन दारं ओलांडावी लागतात

मेडिक्लेमचा क्लेम म्हणजे तीन दारं असलेली गल्ली आहे. तिन्ही उघडली तरच पैसे मिळतात. एक जरी बंद असलं तरी माणूस परत फिरतो.

पहिलं दार: ॲडमिट होतात का?

विमा नियामक संस्था म्हणजे आयआरडीएआय. तिने हॉस्पिटलायझेशनची एक प्रमाणित व्याख्या ठरवून दिली आहे. हॉस्पिटलमध्ये सलग किमान २४ तास दाखल असणं, ही ती व्याख्या. याला अपवाद डे-केअर उपचारांचा. उदाहरणार्थ, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता काही तासांत होतं, तेही चालतं. पण त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की जे उपचार नेहमी ओपीडीत म्हणजे येऊन-जाऊन घेतले जातात, ते डे-केअरमध्ये मोडत नाहीत. ॲक्युपंक्चरची बैठक ही येऊन-जाऊनच असते. म्हणजे बहुतेक क्लेम पहिल्याच दारात अडकतात.

दुसरं दार: उपचार कुणी केले?

पॉलिसीत "मेडिकल प्रॅक्टिशनर" हा शब्द असतो. त्याची व्याख्या वाचा. राज्याच्या किंवा देशाच्या मेडिकल कौन्सिलकडे, किंवा सरकारने स्थापन केलेल्या भारतीय चिकित्सा पद्धती वा होमिओपॅथीच्या परिषदेकडे ज्याची वैध नोंदणी आहे, तो मेडिकल प्रॅक्टिशनर. आता याचा अर्थ बघा. एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस असलेल्या डॉक्टरने ॲक्युपंक्चर केलं, तर हे दार उघडं आहे. फक्त ॲक्युपंक्चरचा डिप्लोमा असलेल्या थेरपिस्टने केलं, तो कितीही हुशार असला तरी, कंपनी या व्याख्येवर बोट ठेवू शकते.

तिसरं दार: कोणत्या पद्धतीत आणि कुठे?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोक म्हणतात, "आयुष कव्हर आहे ना पॉलिसीत!" आहे, बरोबर. आयआरडीएआयने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलं की आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवा, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. पण आयुष म्हणजे काय? आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी आणि सोवा-रिग्पा. या यादीत ॲक्युपंक्चरचं नाव नाही. शिवाय आयुष कव्हर हेही मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतं. आयुष हॉस्पिटललासुद्धा अटी आहेत. किमान पाच खाटा हव्यात, चोवीस तास आयुष डॉक्टर हवा आणि रोजच्या नोंदी हव्यात.

त्यात अजून एक कलम असतं. हेल्थ हायड्रो, निसर्गोपचार क्लिनिक, स्पा किंवा तशा ठिकाणी घेतलेले उपचार वगळले जातात. म्हणून "वेलनेस सेंटर" असा बोर्ड लावलेल्या ठिकाणचं बिल पाठवताना दहा वेळा विचार करा.

"पण सरकारने मान्यता दिली आहे ना?"

हो, दिली आहे. आणि याचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे, तो थोडक्यात सांगतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं, त्यात ते होते. १९४२ मध्ये त्यांचं तिकडेच निधन झालं. त्याच पथकात डॉ. बिजय कुमार बसू होते. ते पुढे पन्नासच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात येऊन त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही पद्धत रुजली ती अशी. म्हणूनच पहिला स्वतंत्र कायदा पश्चिम बंगालने केला, १९९६ साली.

केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत म्हणून नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरायला हरकत नाही असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१५ चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीचा कायदा केला आणि त्याखाली राज्याची परिषद आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचार पद्धती म्हणून मान्यता दिली.

मग तरी क्लेम का नाही? कारण मान्यता आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धंद्याच्या भाषेत सांगतो. तुम्ही उद्यम नोंदणी केली, सर्टिफिकेट आलं. म्हणून बँक कर्ज देतेच का? नाही ना! नोंदणी म्हणजे तुमचा धंदा कागदावर आहे. कर्ज म्हणजे बँक आणि तुमच्यातला करार. तसंच इथे. सरकारी मान्यता म्हणजे ही पद्धत वापरायला परवानगी. विमा म्हणजे तुम्ही आणि कंपनी यांच्यातला करार. करारात जे लिहिलंय तेच मिळणार. एजंट फोनवर काय बोलला, ते करारात नसतं.

मग कुठे मिळू शकतं?

चार जागा आहेत. चारही ठिकाणी "मिळू शकतं" हा शब्द आहे, "मिळतंच" नाही, हे ध्यानात ठेवा.

१. ओपीडी कव्हर किंवा रायडर. काही पॉलिसींना जादा प्रीमियम भरून ओपीडीचा भाग जोडता येतो. पण आतलं वाचा. काहींमध्ये फक्त डॉक्टरांची तपासणी फी आणि औषधं असतात. काहींमध्ये फक्त कंपनीने ठरवलेल्या क्लिनिकमध्येच चालतं. ॲक्युपंक्चर किंवा पर्यायी उपचार असा शब्द तिथे आहे का, आणि वर्षाची मर्यादा किती, हे दोन प्रश्न विचारा.

२. ग्रुप पॉलिसी. घरातलं कुणी नोकरीत असेल तर त्यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी बघा. ग्रुप पॉलिसीच्या अटी मालक आणि विमा कंपनी बसून ठरवतात, त्यामुळे काही ठिकाणी ओपीडीचा खर्च थोडाफार मिळतो. उद्या तुमच्याकडे पाच-सात माणसं कामाला लागली की तुम्हीही मालक म्हणून हे मागू शकता. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआयचा विषय येतो, त्यावर वेगळा लेख करू.

३. दाखल असताना उपचाराचा भाग म्हणून. नोंदणीकृत आयुष हॉस्पिटलमध्ये किंवा साध्या हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या कारणासाठी तुम्ही खरोखर दाखल आहात, आणि तिथल्या डॉक्टरांनी इतर उपचारांसोबत ॲक्युपंक्चरही केलं. अशा वेळी मुख्य क्लेम मंजूर झाला तरी ॲक्युपंक्चरची ओळ कंपनी कापू शकते. म्हणून आधीच ई-मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

४. डिस्चार्जनंतरचा खर्च. पॉलिसीत दाखल होण्याआधीचे आणि नंतरचे काही दिवस कव्हर असतात. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी प्रमाणित पॉलिसी. तिच्यात आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस धरतात. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी त्याच आजारासाठी लिहून दिलं असेल तर तुमची बाजू थोडी भक्कम होते. तरीही लेखी विचारल्याशिवाय दहा बैठकांचे पैसे आधी भरू नका.

आणि हो, आरोग्य संजीवनीत साधा ओपीडी खर्च वगळलेला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही विचारतात. ती हॉस्पिटलमधल्या ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. मोठ्या आजाराला ती फार उपयोगाची आहे, कागदपत्रं तयार ठेवाच. पण क्लिनिकमधल्या सुयांसाठी ती योजना नाही.

आता धंद्याचा हिशोब

आपण उद्योजक आहोत, त्यामुळे रागावण्याआधी हिशोब करू.

समजा, एका बैठकीचे ५०० रुपये. दहा बैठकांचा कोर्स म्हणजे ५,००० रुपये. वर्षात दोन कोर्स लागले तर १०,००० रुपये.

आता समजा, कंपनी म्हणाली, ओपीडी रायडर घ्या, जादा प्रीमियम ४,००० रुपये आणि वर्षाची मर्यादा ५,००० रुपये. सगळं काही मनासारखं झालं, ॲक्युपंक्चर यादीत असलं, बिल मंजूर झालं, तरी तुमचा फायदा किती? एक हजार. आणि यादीत नसेल तर चार हजार गेले. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे आकडे तुमच्या कोटेशनमधून घाला. पण गणित असंच मांडायचं.

आता दुसरा मार्ग. दुकानात एक वेगळा डबा ठेवा. त्याला नाव द्या "दुखण्याचा डबा". रोज गल्ला मोजल्यावर ३० रुपये त्यात टाका. वर्षाचे झाले १०,९५० रुपये. दोन कोर्स होऊन ९५० रुपये उरतात. कुणाकडे फॉर्म भरायचा नाही, कुणाची मंजुरी नाही. त्या वर्षी दुखलंच नाही, तर पैसे तुमचेच.

यातून एक नियम लक्षात ठेवा, हा फक्त ॲक्युपंक्चरचा नाही. जो खर्च छोटा आहे आणि येणार हे माहीत आहे, त्याच्यासाठी डबा. जो खर्च मोठा आहे आणि कधी येईल माहीत नाही, त्याच्यासाठी विमा. कंबरेच्या सुया डब्यातून, कंबरेचं ऑपरेशन विम्यातून. उलटं केलंत तर दोन्हीकडून मार बसतो.

एक चांगली बातमी पण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जीएसटीपोटी जे जात होतं, त्यातूनच हा डबा सुरू करा. ग्रुप पॉलिसीला मात्र ही सूट नाही.

खरी रिस्क सुयांच्या बिलात नाही, फॉर्ममध्ये आहे

मित्रांनो, हा भाग नीट वाचा. पाच हजाराचं बिल नाकारलं गेलं तर दुःख होतं, पण संसार बुडत नाही. संसार बुडतो तो इथे.

समजा एक ताई आहे. दोन वर्षांपासून कंबर दुखते. डॉक्टरने एमआरआय काढायला सांगितला, त्यात चकती सरकल्याचं दिसलं. ऑपरेशन नको म्हणून ती ॲक्युपंक्चर घेतेय, थोडा आराम आहे. आता ती मेडिक्लेम घेते. प्रपोजल फॉर्मवर प्रश्न असतो: सध्या किंवा मागे कोणत्या आजारावर उपचार घेतले आहेत का? एजंट म्हणतो, "अहो ताई, सुया म्हणजे काय औषध आहे का? नाही लिहा, पटकन पास होईल." ताई "नाही" वर टिक करते.

वर्षभराने दुखणं वाढतं. पायाला मुंग्या येतात, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. समजा, खर्च अडीच लाख. कंपनी जुने कागद मागते. एमआरआयची तारीख पॉलिसीच्या आधीची. क्लेम नाकारला. वर "माहिती लपवली" म्हणून पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच-सहाशे रुपयांच्या बैठका लपवल्या आणि अडीच लाख गेले. दुकानाचं भांडवल, सोनं, भिशी, सगळं त्यात जातं.

नियम काय म्हणतो ते बघा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला आजार, किंवा ज्यासाठी डॉक्टरने उपचार सांगितले वा केले तो आजार, हा "आधीपासूनचा आजार" धरला जातो. यात उपचार सुयांचा की गोळ्यांचा, हा मुद्दाच नाही. आजार होता, निदान झालं होतं, एवढं पुरे आहे.

मग खरं सांगितलं तर काय होतं? सहसा त्या आजारासाठी वेटिंग पिरियड लागतो. आताच्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. काही वेळा प्रीमियम थोडा वाढतो. पण बाकी सगळे आजार, अपघात यांचं संरक्षण पक्कं राहतं. आणि वेटिंग संपलं की कंबरसुद्धा कव्हरमध्ये येते. आज खरं लिहिलं तर तीन वर्षांनी शांत झोप लागते.

पॉलिसी घरी आली की वरची आकर्षक पानं बाजूला ठेवा. ग्राहक माहिती पत्रक म्हणजे सीआयएस उघडा. काय मिळतं, काय मिळत नाही, वेटिंग किती, हे त्यात सोप्या भाषेत द्यावं लागतं. तुमच्या फॉर्मची प्रतही तपासा. एजंटने चुकीचं टिक केलं असेल तर लगेच ई-मेल करून दुरुस्त करून घ्या. पटलं नाही तर ३० दिवसांच्या फ्री-लूक काळात पॉलिसी परत करता येते.

क्लिनिक काढणाऱ्यांनो, आता तुमच्याकडे येतो

ज्यांनी ॲक्युपंक्चर शिकलंय त्यांच्यासाठी हा चांगला व्यवसाय होऊ शकतो. जागा थोडी लागते, मशिनरी थोडी लागते. पण पहिल्या महिन्यापासून एक परीक्षा होणार आहे. कुणीतरी गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून म्हणणार, "बिलावर ॲक्युपंक्चर लिहू नका हो, फिजिओथेरपी लिहा, म्हणजे पास होईल." किंवा, "एक दिवस ॲडमिट दाखवा, तुमचंही भलं, आमचंही भलं."

उत्तर एकच. "माफ करा, जे केलं तेच लिहिणार."

का? कारण पॉलिसीत फसवणुकीचं कलम असतं. खोटं बिल सापडलं तर तो क्लेम तर जातोच, पॉलिसीतले सगळे फायदे आणि भरलेला प्रीमियमही जातो. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईकाला दोन हजार मिळवून द्यायला गेलात आणि त्याच्या घरच्यांचं पाच लाखांचं कव्हर घालवलंत. आणि बिलावर सही-शिक्का कुणाचा? तुमचा. पोलिस केस झाली तर आधी तुमचं नाव येतं. नवीन धंद्यात नाव हेच भांडवल असतं.

मग प्रामाणिक राहून धंदा कसा वाढवायचा? पाच गोष्टी करा.

• राज्याच्या परिषदेकडे नोंदणी करा आणि मगच बोर्ड लावा. नोंदणी क्रमांक भिंतीवर आणि पावतीवर दिसू द्या. डॉक्टरची पदवी नसेल तर नावाआधी "डॉ." लावू नका.

• पावती पूर्ण द्या. पेशंटचं नाव, तारीख, कोणत्या तक्रारीसाठी, कितवी बैठक, दर, पैसे रोख की यूपीआय, तुमचं नाव आणि नोंदणी क्रमांक. ज्याच्याकडे ओपीडी कव्हर आहे त्याला ही पावती लागेलच. बाकीच्यांनाही तुमची शिस्त दिसते.

• "इन्शुरन्स चालतो" किंवा "कॅशलेस उपलब्ध" असा बोर्ड लावू नका. त्याऐवजी काउंटरवर एक छोटा कागद ठेवा: "नेहमीच्या मेडिक्लेममध्ये या उपचारांचा खर्च सहसा मिळत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर असल्यास कंपनीला आधी विचारा. पूर्ण पावती मिळेल." गिऱ्हाईक आधी थोडं नाराज होईल, पण तुमच्यावर विश्वास ठेवेल.

• सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, पाकीट पेशंटसमोर फोडायचं. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकायच्या नाहीत, वैद्यकीय कचऱ्याची रीतसर सोय करायची. हा खर्च बैठकीच्या दरात धरा, नंतर रडू नका.

• जे तुमच्या हातातलं नाही ते डॉक्टरकडे पाठवा. पाय बधिर होतोय, ताकद गेली, लघवीवर ताबा राहत नाही, ताप आहे, वजन उतरतंय, अशा वेळी सुया बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठायला सांगा. जो थेरपिस्ट वेळेवर "हे माझं काम नाही" म्हणतो, त्याच्याकडे डॉक्टर स्वतः पेशंट पाठवतात.

बाहेरच्या देशांत विमा कसा देतात?

काही देशांत ॲक्युपंक्चरला विमा मिळतो, हे खरं आहे. पण तो सरसकट नाही. तिकडची पद्धत समजून घेतली तर आपल्याला धंद्याचं शिक्षण मिळतं.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिने जानेवारी २०२० पासून ॲक्युपंक्चरला पैसे द्यायला सुरुवात केली. कशासाठी? फक्त कंबरेच्या जुनाट दुखण्यासाठी, म्हणजे १२ आठवडे किंवा जास्त चाललेल्या. ९० दिवसांत १२ बैठका. सुधारणा दिसली तर आणखी ८. वर्षाला जास्तीत जास्त २०. सुधारणा नसेल तर थांबवायचं.

जर्मनीत २००७ पासून सरकारी आरोग्य विमा कंबरेच्या जुनाट दुखण्याला आणि गुडघ्याच्या झिजेला ॲक्युपंक्चर देतो. त्याआधी त्यांनी मोठ्या चाचण्या घेतल्या. कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण होते. खऱ्या ॲक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्के लोकांना फरक पडला. नकली पद्धतीने, म्हणजे ठरलेले बिंदू सोडून वरवर सुया लावल्या, त्यांनाही सुमारे ४४ टक्के. नेहमीच्या उपचारांनी सुमारे २७ टक्के. निकाल थोडा गमतीशीर आहे. लोकांना आराम मिळाला हे खरं, पण नेमक्या बिंदूंनीच मिळाला असं छातीठोक सांगता येत नाही. डोकेदुखीला मात्र तिथल्या सरकारी विम्याने ते कव्हर दिलं नाही.

यातून क्लिनिकवाल्यांनी काय शिकायचं? विमा कंपनी चार गोष्टी विचारते: कोणता आजार, किती बैठका, कुणी केलं, आणि फरक पडला का. तुम्ही आजपासून प्रत्येक पेशंटची एक वही ठेवा. पहिल्या दिवशी दुखणं दहापैकी किती, पाचव्या बैठकीला किती, दहाव्याला किती. फरक नसेल तर पाचव्या-सहाव्या बैठकीला स्वतःहून सांगा, "दादा, याने फरक पडत नाहीये, डॉक्टरला दाखवा." सगळे आजार बरे करतो म्हणणाऱ्याकडे गर्दी होते, पण टिकत नाही. उद्या एखाद्या कंपनीने मालक म्हणून तुमच्याशी कर्मचाऱ्यांसाठी करार करायचा ठरवला, तर ही वहीच तुमचं कोटेशन आहे.

क्लेम नाकारला तर?

समजा, तुमच्या पॉलिसीत कव्हर स्पष्ट लिहिलंय आणि तरीही कंपनी नाही म्हणाली. मग हातावर हात ठेवून बसायचं नाही.

पहिली पायरी, कंपनीकडून लेखी कारण घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारलं, हे त्यांना सांगावं लागतं. दुसरी पायरी, कंपनीच्या तक्रार विभागाला ई-मेल करा, सोबत पावत्या आणि पॉलिसीचं ते पान जोडा. तिसरी पायरी, आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. चौथी पायरी, विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येतं. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

पण भांडायच्या आधी तीन दारं आठवा. पॉलिसीतच नसेल तर लोकपालसुद्धा देऊ शकत नाही. आणि पॉलिसीत असेल, तर एक रुपयाही सोडू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

वाचून सोडू नका, वही घ्या आणि एवढं करा.

१. घरातली पॉलिसी काढा. त्यात चार शब्द शोधा: ओपीडी, आयुष, मेडिकल प्रॅक्टिशनर, आणि काय वगळलं आहे त्याची यादी. खाली रेघ मारा.

२. कंपनीला एक ओळीचा ई-मेल टाका: "माझ्या पॉलिसीत ओपीडीत घेतलेल्या ॲक्युपंक्चर उपचारांचा खर्च मिळतो का? मिळत असल्यास मर्यादा आणि अटी काय?" उत्तर जपून ठेवा.

३. प्रपोजल फॉर्मची प्रत मागवा. जुनं दुखणं लिहायचं राहिलं असेल तर आजच कळवा.

४. मेडिक्लेमच नसेल तर आधी साधं, हॉस्पिटलचं कव्हर घ्या. रायडरचा विचार नंतर.

५. आज रात्री गल्ला मोजल्यावर डब्यात पहिले ३० रुपये टाका.

क्लिनिकवाल्यांनी सहावं काम करायचं: पावतीचा नमुना नवीन छापून घ्या.

हा लेख तुमच्या बचत गटाच्या, मार्केटच्या ग्रुपवर पाठवा. आपल्या लोकांना दुखणं असतं, पॉलिसीही असते, फक्त पॉलिसी कुणी उघडून बघत नाही. तुम्ही बघा, आणि शेजारच्या दुकानदारालाही बघायला लावा.

काळजी घ्या, कंबर सरळ ठेवून बसा, आणि धंदा जोरात करा. भेटू पुढच्या विषयाला.